बावीस मेंढरं आणि एक स्टिरिओ मशीन

मंगळवार, १८ मार्च १९८६. वीज सकाळी सात वाजता गेली, तीन दहाला आली. तुरीची डाळ गच्चीवर वाळत घातली. दगडाबाईने मागचे अंगण सारवले. चार वाजता मल्हारी आणि केवळाबाई आले. मल्हारीने एक इंग्रजी पुस्तिका वाचून घेण्यासाठी आणली होती. बत्तीसपैकी अकरा पाने झाली. केवळाबाईने चहा घेतला नाही.

माझ्या डायरीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. शेवटचे वाक्य मी का लिहिले, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. केवळाबाई आमच्या वालूरच्या घरी वीस वर्षे येत होती आणि चहाला तिने कधी नको म्हटले नव्हते. त्या दिवशी ती पायरीवरच बसली. कप जवळ ठेवला, तो गार झाला, वर साय धरली. ती आत पाहत होती, नवऱ्याच्या हातातल्या पुस्तिकेकडे.

माझे यजमान गुरांचे डॉक्टर होते. मल्हारीचे वडील बिरू मेंढरे घेऊन त्यांच्याकडे येत. एका वर्षी कळपात देवी आल्या, तेव्हा यजमान नऊ दिवस रोज त्यांच्या मेंढवाड्यावर जाऊन आले आणि निम्म्याहून जास्त मेंढरे वाचली. तेव्हापासून त्या घराचा आमच्यावर विश्वास बसला. यजमान गेले त्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती, पण विश्वास आपला घरातच राहिला आणि माझ्या वाट्याला आला. मला मेंढरांतले कळत नाही आणि यंत्रांतलेही कळत नाही. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे इंग्रजी तेवढे वाचता येते. जिला इंग्रजी वाचता येते तिला बाकीचेही सगळे कळत असणार, असा मल्हारीचा समज होता. तो मी वेळेवर मोडला नाही, ही माझी चूक.

मल्हारी तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. उंच, पाठीत जरा वाकलेला, बोलणे कमी. त्याचा कान विलक्षण होता. पाठमोरा बसून तो नुसत्या ओरडण्यावरून कोणती मेंढी कुठे चरते आहे ते सांगे, असे बिरू कौतुकाने सांगत. मग पंधराव्या वर्षी सेलूच्या एका लग्नात त्याने लाऊडस्पीकर ऐकला आणि तीन दिवस तो लाऊडस्पीकरवाल्याच्या मागेच फिरला. बिरूंनी त्याला धरून आणले, मारले, तो परत गेला. शेवटी त्यांनी नाद सोडला. वडील गेल्यावर मल्हारीने वाट्याची निम्मी मेंढरे विकून एक जुने मशीन घेतले. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर, आवाज मोठा करणारी पेटी. आमच्याकडे सगळे मशीनच म्हणतात. ते काचेच्या नळ्यांचे होते. सुरू केल्यावर गरम व्हायला चार मिनिटे घेई. थंडीत मल्हारी त्यावर घोंगडी टाकून ठेवी, आजारी माणसावर टाकावी तशी.

उरलेली मेंढरे केवळाबाईने सांभाळली. तिच्या बापाने लग्नात दोन पाठी, म्हणजे कोवळ्या मेंढ्या, दिल्या होत्या. त्यांचा वंश आणि बिरूंच्या कळपातली उरलेली, अशी मिळून त्या वर्षी बावीस होती. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे जिवाला मुकली. आमच्या भागात कित्येक महिने लाऊडस्पीकरची परवानगी मिळेना. मल्हारीचे मशीन घोंगडीखाली पडून होते. त्या दिवसांत ते घर लोकरीवर आणि कोकरांवर जगले. पुढेही दर वर्षी कुठे ना कुठे मोर्चा, बंद, जमावबंदी असायचीच. मशीन कधी बोलेल आणि कधी गप्प बसेल याचा भरवसा नव्हता. कळप मात्र रोज सकाळी उठून चरायला जात होता.

मल्हारीचे नाव होते ते त्याच्या पद्धतीमुळे. प्रत्येक लग्नात तो दोन कर्णे लावी. एक नवरीच्या मांडवात आणि दुसरा जानोशावर, म्हणजे नवरदेवाकडची मंडळी जिथे उतरली असतील तिथे. आमच्याकडे वरपक्ष बोलावण्याशिवाय जागचा हलत नाही. पूर्वी बोलावणे घेऊन माणसे जात, त्यात वेळ जाई, कोणाचे तरी नाव राहून जाई आणि रुसवाफुगवी होई. मल्हारीने मांडवातूनच नावे घेऊन बोलवायला सुरुवात केली. कोणाचे नाव आधी, कोणाला पाटील म्हणायचे, कोणाला मामासाहेब, हे तो आदल्या दिवशी विचारून ठेवी. जानोशावरच्या कर्ण्यातून आपले नाव ऐकले की माणसे फेटा सावरून उठत. मल्हारीचे लग्न वेळेवर लागते, असे दहा गावांत म्हणत.

पण आता सेलूच्या चंद्रभानने स्टिरिओ आणला होता. मोठ्या पेट्या, त्यांवर नाचणारे लाल-हिरवे दिवे, आवाज असा की छातीत दणका बसावा. त्या मोसमात मल्हारीची तीन लग्ने त्याच्याकडे गेली. परभणीच्या एका दुकानदाराने मल्हारीला तसेच मशीन दाखवले होते. किंमत ऐकून मल्हारी घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही, असे केवळाबाई म्हणाली. तेवढे पैसे उभे करायला एकच वस्तू त्यांच्याकडे होती आणि ती दावणीला नव्हे, रानात चरत होती.

तर त्या दिवशी मी पुस्तिका वाचून दाखवली. सातव्या पानावर एक चित्र होते. दोन कोपऱ्यांत दोन पेट्या, समोर मधोमध खुर्ची, खुर्चीत टाय लावलेला माणूस. खाली लिहिले होते की ऐकणाऱ्याने दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावर बसावे. मल्हारी हसून म्हणाला की लग्नात बसायला वेळ कुणाला असतो. आम्ही पान उलटले. नवव्या पानावर एका लहान बटणाची माहिती होती. ते फिरवले की दोन्ही बाजू एक होतात. हे बटण कशासाठी, दोन्ही बाजू वेगळ्या तरी का असतात, हे त्याने विचारले नाही आणि मलाही थांबावेसे वाटले नाही.

अकराव्या पानानंतर त्याने पुस्तिका मिटवली. "बाई, एकच सांगा. जुन्या मशीनीत आन् ह्याच्यात एवढा फरक हाय का, की कळप द्यावा?"

हैदराबादला माझ्या भाच्याच्या घरी मी असा स्टिरिओ ऐकला होता. गाणारी बाई समोर येऊन बसल्यासारखी वाटली होती. म्हणून मी खरे तेच सांगितले. म्हटले, "आवाजात फरक आहे. कळप द्यावा इतका आहे का, ते मला सांगता येणार नाही."

मल्हारीने माझे पहिले वाक्य नेले, केवळाबाईने दुसरे. जाताना ती पायरीवरूनच म्हणाली, "मेंढी मेली तर निदान कातडं हाती राहतंय. हे बिघडलं तर काय सोलायचं?"

त्यानंतर मला चैन पडेना. वालूरची वीज दिवसातून दोनदा जाते. जुने मशीन गाडीच्या बॅटरीवर तरी चालायचे, हे विजेशिवाय मुके. बिघडले तर दुरुस्तीला औरंगाबाद गाठावे लागेल. हे सगळे मला दुसऱ्या दिवशी सुचले. कामाच्या दगडाबाईबरोबर दोनदा निरोप पाठवला, पण मल्हारी आला नाही. एप्रिलच्या शेवटी कळले की त्याने मुंजाजी व्यापाऱ्याकडून कळपाचा इसार घेतला आहे. दुकानदाराशी ठरले ते असे. नवे मशीन आणि पेट्या एका लग्नापुरत्या न्यायच्या, तोवर जुने मशीन आणि इसाराची रक्कम दुकानात ठेवायची. पसंत पडले तर बाकीचे पैसे भरायचे. लग्न रविवारी, ११ मे रोजी. मुंजाजी सोमवारी सकाळी मेंढरे न्यायला येणार. सगळे त्या एका लग्नावर आले होते.

लग्न आमच्याच गावात होते, व्यंकटरावांच्या मुलीचे. वऱ्हाड पिंगळीचे. जानोसा शाळेत दिला होता. मुहूर्त बारा एकतीसचा. मी साडेअकराला निघाले. शाळेवरून जाताना मल्हारीची पेटी ओट्यावर ठेवलेली दिसली. त्यातून एका बाईचे गाणे येत होते, पण वाद्यांशिवाय. नुसता एकटा आवाज, विहिरीत उतरून कोणी गावे तसा. मला वाटले, कॅसेट जुनी असेल.

मांडवात आले तर तिथे उलटे. सतार, तबला, बासरी सगळे झकास वाजत होते आणि गाणारीचा पत्ता नव्हता. लोक माना वळवून पाहत होते. नवरीची आजी सगुणाबाई खाटेवरून म्हणाली, "मल्हारी, बाईचं तोंड बांधून ठिवलं का रं?" बायका हसल्या. मल्हारी गोठ्याच्या आडोशाला टेबल मांडून बसला होता. त्याने कॅसेट काढली, पुसली, परत घातली. कानशिलावरून घाम वाहत होता. केवळाबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती आणि पेटीकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होती.

बाराला पाच कमी असताना मल्हारीने कॅसेट बंद केली आणि माइक घेतला. पिंगळीचे आश्रुबा पाटील, त्यांचे बंधू, मामासाहेब, एकेकाचे नाव सावकाश, मानाने घेतले. आवाज खरोखर सुरेख आला, घागरीतून पाणी पडावे तसा. सगळे वाटेकडे पाहू लागले. कोणी आले नाही. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा नावे घेतली, मग तिसऱ्यांदा.

बारा दहा झाले. नवरी मुंडावळ्या बांधून बसली होती. कुजबुज सुरू झाली की पाहुणे रुसले. कोणी म्हणाले नवरदेवाला मानाचे घड्याळ हवे असेल, कोणी म्हणाले आश्रुबा आधीपासूनच तिरसट. व्यंकटरावांना कोणीतरी सुचवले की स्वतः जाऊन या. ते उठता उठता परत बसले. म्हणाले, "नावं घिऊन तीन डाव बोलावलं. सारं गाव ऐकायलंय. आता मी पाय धरायला जायचं का? मी जात न्हाई." तिकडे शाळेत काय चालले होते ते नंतर समजले. बाराच्या आधीच गाणेही बंद पडलेले, बोलावणे नाही, माणूस नाही. मुलीकडच्यांनी आपल्याला विचारले नाही म्हणून आश्रुबांनी सर्वांना फेटे उतरवायला सांगितले होते.

मी बसल्या जागी घड्याळ पाहत होते. बारा बारा. बारा चौदा. शाळेतली ती एकटी बाई माझ्या डोक्यातून जात नव्हती. शाळेत गाणारी आहे आणि इथे वाद्ये आहेत. एकच गाणे दोन ठिकाणी वाटले गेले आहे. तेवढ्यात मला सातव्या पानावरचा तो टायवाला माणूस आठवला, दोन पेट्यांच्या मधे बसलेला. हे मशीन एका माणसाला मधे बसवून ऐकवण्यासाठी केलेले, आणि आमच्या मल्हारीने त्याची एक पेटी मांडवात आणि एक जानोशावर ठेवली होती, पंधरा वर्षे कर्णे ठेवत आला तशी. माइकची वायर एकाच बाजूला लावलेली. म्हणजे त्याने घेतलेली सगळी नावे मांडवातच फिरत होती.

मी उठले. बायकांच्या अंगावरून, लहान मुलांवरून, आहेराच्या भांड्यांतून वाट काढत गोठ्याकडे गेले. मल्हारी चौथ्यांदा माइक उचलत होता.

"मल्हारी, थांब. तुझा आवाज शाळेत जात नाही."

"पेटी वाजायलीय बाई तिकडं. सकाळी पोरगं पळवून इचारलं म्या."

"गाणं वाजत होतं. तेसुद्धा अर्धं. तिकडे नुसती बाई होती, तिची वाद्यं इथे होती."

मला पुढचे समजावून सांगायची गरज पडली नाही, त्याच्या कानाला ते मी सांगण्याआधीच समजले. मी बटणाचे सांगितले, पण कुठले ते मला दिसेना. घाईत चष्मा बसल्या जागी राहिला होता. नववे पान डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. उजवीकडून तिसरे, लहान. त्याने बोट ठेवले, फिरवले, आणि माइकमध्ये म्हणाला, "पिंगळीचे आश्रुबा पाटील."

शाळेच्या दिशेने, घरांच्या वरून, त्याचाच आवाज क्षणभर उशिराने परत आला. मल्हारीने डोळे मिटले. मग उघडले आणि उरलेली नावे घेतली. शेवटी त्याने स्वतःच्या मनाने जोडले की चूक आपली, मशीनवाल्याची आहे, व्यंकटरावांची नाही, पाव्हण्यांनी राग धरू नये. सगळ्या गावासमोर त्याने ते सांगितले.

नवरदेव आला. आश्रुबा मांडवात शिरताना म्हणाले की गाणाऱ्या बाईचं वाजंत्र्यांशी भांडण झालं का, असं आम्ही जानोशात म्हणत होतो. लोक हसले आणि गाठ सुटली. भटजींनी सावधान म्हटले तेव्हा बारा बत्तीस झाले होते. मी घड्याळ पाहिले, भटजींनी पाहिले नाही.

लग्न लागले, पण माझा जीव भांड्यात पडला नव्हता. बटण फिरवल्यावर नव्या मशीनमधून दोन्हीकडे सारखाच आवाज आला होता. जुन्या मशीनमधूनही तेच येत असे. मग बावीस मेंढरे कशासाठी द्यायची? हे मल्हारीला दिसले असेल का?

पंगती उठल्यावर मांडव रिकामा झाला. मल्हारीने शाळेतली पेटी आणून दुसरीपासून दहा हातांवर ठेवली, बटण परत फिरवले, सकाळचीच कॅसेट लावली आणि मधे मांडी घालून बसला. आता बाई आणि वाद्ये एकत्र आली होती. बाई एका अंगाला, तबला-बासरी दुसऱ्या, आणि मधे बसलेल्याला गाणे पुरे. मल्हारी डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या तोंडावरची ती तहान मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. तीन गाणी झाली. पत्रावळी उचलणारे त्याला वळसा घालून जात होते.

केवळाबाई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "बाई, बघा ह्यांचं तोंड. माझी मेंढरं गेली आता." बरोबरच वाटले तिचे.

सोमवारी सकाळी आठ वाजता मुंजाजी दोन माणसे आणि काठ्या घेऊन आमच्या दारावरून गेला. मी पूजा तशीच ठेवून ओसरीत येऊन बसले. कळप बाजाराकडे न्यायचा तर याच गल्लीने जाणार. साडेनऊला धूळ दिसली, मेंढरांचे ओरडणे ऐकू आले. मोजायचा धीर झाला नाही. मुंजाजी पुढे चालत होता. त्याच्या खांद्यावर एक कोकरू होते. मागची दोन माणसे काठ्या बगलेत मारून चालली होती. त्यांच्या मागे कळप, आणि कळपाच्या मागे केवळाबाई. चौकात मुंजाजी बाजाराकडे वळला आणि कळप ओढ्याकडे, रोजच्या वाटेने.

मल्हारी सर्वांत शेवटी आला. डोक्यावर पोत्यात गुंडाळलेले मशीन. पेट्या पुढे बसथांब्यावर ठेवून आला होता.

"परत द्यायला जायलोय, बाई. मुंज्यानं इसार मोडल्याचं कोकरू घेतलं, नव्या मोसमातलं सगळ्यात चांगलं."

त्याच्या इसाराचे पैसे तर दुकानात अडकलेत ना, असे मी विचारले. ते आज दुकानदाराकडून आणून द्यायचे, आणि नाही मिळाले तर मेंढरे आहेतच, असे त्याचे मुंजाजीशी बोलणे झाले होते. दुकानदार पैसे आणि जुने मशीन दोन्ही परत करील का, हे त्यालाही माहीत नव्हते.

मी म्हटले, "पण काल तुला आवडलं होतं."

"लय आवडलं." त्याने डोक्यावरचे ओझे जरा सावरले. "तेच तर. मधी बसलो तवा कळलं, हे लग्नासाठी न्हाईच. हे माझ्या एकट्यासाठी हाय. लग्नाचं नाव करून मी माझ्या कानासाठी तिचा कळप इकायलो होतो." मग म्हणाला, "तिला म्या हे सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका." आता ते दोघेही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

पुढे मल्हारीची लग्ने कमीच होत गेली. मोठ्या घरची चंद्रभानकडे गेली, गरिबांची त्याच्याकडे राहिली. नव्वद सालापर्यंत तो दोन कर्णे बांधून नावे घेत होता. त्याने वेळेवर लावलेली लग्ने जास्त की गमावलेली, हे मला सांगता येणार नाही. केवळाबाईचा कळप मध्ये चाळिसावर गेला होता.

त्या सोमवारी मी दिवसभर बसची वाट पाहिली. सहाची बस पावणेसातला आली. मल्हारी उतरला तेव्हा डोक्यावर जुने मशीन होते. वर घोंगडी टाकलेली. लांबूनच त्याने खिशावर हात ठेवून मान हलवली आणि मुंजाजीच्या घराकडे गेला. दुकानदाराने भाडे म्हणून काही कापले होते, ते मला नंतर कळले.

मी आत येऊन दिवा लावला आणि डायरी उघडली. लग्नाचे, मशीनचे, मेंढरांचे लिहिलेच. त्याखाली त्या दिवशीची शेवटची ओळ आहे. माठ पाझरायचा थांबला, पाणी गार होत नाही, उद्या नवा आणणे.